कुकूचं कुंपण

भाद्रपद लागायच्या सुमारास कॅरी गावाच्या बाहेर, एका जुन्या चर्चच्या मागच्या जमिनीत, बाजरी निसवते. ऑफिसातून घरी येताना त्या दिवसांत मी मुद्दाम लांबचा रस्ता धरते. हायवे सोडला की आधी गॅस स्टेशन, मग टायरचं दुकान, मग पांढऱ्या लाकडी फळ्यांचं चर्च, आणि त्याच्या पार्किंगपलीकडे एकदम ती भुरकट हिरवी कणसं, वाऱ्यावर एका बाजूला कललेली. यंदाही परवा दिसली. नगर जिल्ह्यात वाढलेल्या बाईला नॉर्थ कॅरोलिनात बाजरी दिसली म्हणजे तिचे डोळे भरून यावेत, अशी लोकांची अपेक्षा असते. माझ्या मनात मात्र सगळ्यात आधी हेच येतं, की हे कोणाला दाखवायला उभं केलंय? आनंद मागाहून येतो. कधी येतही नाही.

याला स्वभाव म्हणा, नाहीतर पोटापाण्याची खोड म्हणा. मी औषधांच्या कंपनीत क्वालिटी ऑडिटर आहे. नवा रंग दिलेली भिंत दिसली की मी तिच्या मागची ओल शोधते. मिलिंद, माझा नवरा, म्हणतो, "माधवी, तू देवळात गेलीस तरी घंटेचं कॅलिब्रेशन विचारशील." इथल्या मराठी मंडळात मला बोलवायला थोडं बिचकतात. त्याचं मला काही वाटत नाही. कुणीतरी बिचकवणारं असावं लागतं.

पण एका हंगामात माझा हा संशय मला वेगळ्याच वाटेनं घेऊन गेला. बाजरी दिसली की तो हंगाम आठवतो. अजून दोनच वर्षं झाली त्याला.

हिल्मा माझ्याच कंपनीतली, मायक्रोबायॉलॉजी लॅबची प्रमुख. नामिबियाच्या उत्तर भागातली, आवांबो समाजाची. उंच, सावकाश चालणारी, बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघणारी. बरीच वर्षं आमची ओळख लिफ्टपुरती होती. मग एकदा दुपारी लंचरूममध्ये मी डबा उघडला, तर ती मागे येऊन उभी राहिली.

"हे महांगू आहे," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

"आम्ही बाजरी म्हणतो," मी म्हटलं.

तिनं न विचारता भाकरीचा कोपरा तोडला, नाकाशी धरला, तोंडात टाकला. परक्याच्या घरात आपला मावसभाऊ बसलेला दिसावा, तसा चेहरा झाला तिचा. "तुम्ही ह्याचं हे करता?" ती म्हणाली आणि समोरची खुर्ची ओढून बसली.

मी सावध झाले. इथे अमेरिकेत अचानक जवळीक दाखवणाऱ्या माणसाचं मी काही खरं मानत नाही. ग्रोसरी स्टोअरमध्ये "तुम्ही पुण्याच्या का?" म्हणून हसत हसत आलेल्या एका जोडप्यानं चहाला घरी येऊन आम्हाला तास-दीड तास साबण आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या विकायचा प्रयत्न केला होता. तेव्हा मी मनात म्हटलं, बघू या, हिच्या पिशवीतून काय निघतं ते.

आधी निघाली ती चर्चमागची जमीन. हिल्मा आणि तिच्याकडची एक-दोन कुटुंबं तिथे महांगू लावायची. ती मला घेऊन गेली. चिमण्या आणि काळे पक्षी येऊ नयेत म्हणून कणसांवर जुन्या जाळीच्या पडद्यांचे तुकडे बांधलेले, हरणांसाठी भोवती तारेचं कुंपण. कणसं बघितली, आमच्यापेक्षा लांब आणि सडपातळ. हिल्मानं एक कणीस तळहातावर चोळून फुंकर मारली, अगदी माझे वडील मारायचे तशी, ओठांचा एक कोपरा उघडा ठेवून. मी नजर दुसरीकडे वळवली. असल्या सारखेपणावर मी भाळत नाही. धान्य चोळलं की कोंडा उडवायला जगात सगळीकडे फुंकरच मारावी लागते.

आणि मग, काही आठवड्यांनी, निघालंच. तिनं माझ्या टेबलावर एक रंगीत पत्रक ठेवलं. वर लाकडी खांबांचं कुंपण, एक म्हातारी, आणि इंग्रजीत 'आमच्या घरी या'.

"माझ्या आईचं घर," ती म्हणाली. "गावातल्या बायका मिळून पाहुण्यांना ठेवून घेतात. पाहुणे राहतात, आमच्याबरोबर महांगू कांडतात, टोपल्या विणायला शिकतात, आमचं जेवतात. तुमच्या मंडळात सांगशील?"

माझा अंदाज बरोबर निघाला, म्हणून मला बरं वाटलं. संशय खरा ठरल्याचं एक गार समाधान असतं. वाईट गोष्ट आहे, पण असतं.

तिच्या आईच्या घराबद्दल मी तरीही ऐकत गेले, कारण ते घर होतंच तसं. हिल्मा सांगायची. जाड खांब जमिनीत शेजारी शेजारी रोवून केलेलं माणसापेक्षा उंच कुंपण. आत गेलं की पुन्हा कुंपण, पुन्हा वळण. एक वाट कांडायच्या जागेकडे, तिथे लाकडी उखळं जमिनीत पुरलेली. एक वाट विणलेल्या मोठमोठ्या कणग्यांकडे. एक गुरांकडे. एक नुसतीच, कुठेही न जाणारी. जुन्या काळी शत्रू आत शिरला, तरी घरातली माणसं कुठे निजतात ते त्याला सहज सापडू नये, म्हणून ही रचना. आता शत्रू नाहीत, पण घर बांधायचं ते तसंच. मला ते घर तिथेच आवडलं. ज्याच्या नकाशातच संशय भरलेला आहे असं घर मी पहिल्यांदा ऐकत होते.

घरातल्या म्हातारीला सगळे कुकू म्हणतात. त्यांच्या भाषेत आजीला कुकू. "आणि मला इथे पोरं काकू म्हणतात," मी म्हटलं. हिल्मा हसली. म्हणाली, "मग तू अर्धी म्हातारी झालीच आहेस."

पण पत्रकाचं मी काही मंडळात सांगितलं नाही. का, ते तिला एका दुपारी स्पष्टच सांगितलं.

पुण्याजवळचं एक कृषी पर्यटन केंद्र. आमची मुलगी इरा तेव्हा शाळेत होती. सुट्टीत तिला 'खरं गाव' दाखवावं म्हणून आम्ही गेलो. गेटवर तुतारी, कपाळाला गंध, मिलिंदला फेटा. एका पडवीत नऊवारी नेसलेली एक बाई जात्यावर बसून ओवी म्हणत होती. आवाज चांगला होता. इरानं फोटो काढले, मीसुद्धा थोडी हळवी झाले. मग सगळे हुरडा खायला गेले. माझा गॉगल राहिला म्हणून मी परत आले, तर बाई पाय पसरून फोनवर काहीतरी बघत बसली होती. जात्याखाली पीठ नव्हतं. जात्यात दाणाही नव्हता. इतका वेळ ते रिकामंच फिरत होतं.

"दळण कुठंय?" मी विचारलं.

"दळलं की पीठ उडतं, मॅडम. पाहुण्यांच्या कपड्यांना लागतं."

"ओव्या आईकडून शिकलात?"

"नाही, मॅनेजर साहेबांनी फोनवर पाठवल्या. आमच्या गावात माझ्या जन्माआधीपासून गिरणी आहे."

ती अजिबात ओशाळली नव्हती, आणि तिनं का ओशाळावं? तिचं ते काम होतं आणि ती ते नीट करत होती. ओशाळले मी. माझ्यासाठी माझ्याच आजीचा देखावा मांडला होता, आणि मी त्यात फसले होते.

हिल्मानं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "आमच्याकडे उखळ रिकामं नसतं," ती म्हणाली. "कांडलं नाही तर संध्याकाळी जेवायला काही नसतं."

"असं पत्रकात कोणीही लिहील."

"बरोबर आहे," ती म्हणाली. "लिहील."

तिनं वाद घातला नाही, म्हणून मला आणखी संशय आला.

पुढे हळूहळू कळत गेलं की पणाला काय लागलं होतं. गावातली तरुण मंडळी राजधानीकडे, विंडहुककडे निघून चालली होती. इतर घरांना कांडायला गिरणी होती, टोपलीच्या जागी प्लास्टिकच्या बादल्या होत्या. कुंपणाचे खांब वाळवी खाते, ते बदलत राहावे लागतात, आणि खांब बदलणारे हात कमी झाले होते. पाहुणे येऊ लागले तशा गावातल्या दोन मुली मागे राहिल्या, कुकूकडे विणायला बसू लागल्या. पाहुणे थांबले तर त्याही जाणार. "मग माझी आई आणि तो रिकामा चक्रव्यूह," हिल्मा म्हणाली. तिनं शब्द 'मेझ' वापरला होता. चक्रव्यूह माझा.

त्याच महिन्यात इरा घरी आली. ती जर्सी सिटीत राहते आणि मॅनहॅटनमध्ये जाहिरातींचे व्हिडिओ एडिट करते. आमच्याकडे आली की दोन दिवस झोपते आणि तिसऱ्या दिवशी आम्हाला सुधारायला लागते. हिल्माला भेटली आणि दोघींचं असं जमलं की मला तेही आवडेना. इरा तिला लगेच 'हिल्मा मावशी' म्हणायला लागली. हिल्मा म्हणाली, आमच्याकडेही मोठ्या बाईला नावानं हाक मारत नाहीत, 'मेमे' म्हणतात, म्हणजे आईच.

"आई, मी ज्यांच्यासाठी फ्रीलान्स करते ना, ती ट्रॅव्हल कंपनी अशाच जागा शोधतेय," इरा म्हणाली. "मी त्यांना कनेक्ट करून देते. इट्स परफेक्ट."

"परफेक्ट असेल तर काहीतरी गडबड आहे."

"यू आर डूइंग इट अगेन. तू सगळ्यांचं ऑडिट का करतेस?"

आता मला दोन्ही बाजूंनी घोर लागला होता. ही कंपनी हिल्माच्या आईला गिळणार, किंवा हिल्मा माझ्या मुलीला वापरून घेणार. एका वेळी दोघींवर संशय घेणं दमवणारं असतं.

कापणीचा रविवार आला. चर्च सुटल्यावर लोक मागे जमले. हिल्माकडची कुटुंबं, चर्चची काही म्हातारी माणसं, आणि भाकरीच्या आशेनं आलेले आमच्या मंडळातले चौघे-पाचजण. हिल्मानं एका लाकडी ओंडक्याचं उखळ करवून घेतलं होतं, ते जमिनीत निम्मं पुरलेलं. तीन बायका भोवती उभ्या राहिल्या आणि एकीचं मुसळ वर जाताना दुसरीचं खाली, असं कांडू लागल्या. मुसळं एकमेकांवर आपटत नव्हती. माझी आई आणि चुलती अशा कांडायच्या, पण दोघीच. तीन मुसळांचा ठेका मी कधी ऐकला नव्हता. पायाखालची जमीन त्या ठेक्यानं किंचित हलत होती. मी जवळ जाऊन आत डोकावले. उखळ भरलेलं होतं.

ट्रॅव्हल कंपनीचा माणूस डेरेक, तिशीतला, नीटस दाढीचा, कॅमेरा घेऊन आला होता. नम्र होता. प्रत्येक वाक्याआधी 'जर चालत असेल तर' म्हणत होता. हिल्मानं त्या दिवशी गुलाबी-लाल पट्ट्यांचा त्यांचा घेरदार झगा घातला होता आणि पायांत पळायचे बूट.

"जर चालत असेल तर," डेरेक म्हणाला, "एकदा परत कराल? आणि बूट तेवढे बाजूला ठेवले तर?"

हिल्मा थांबली. बाकीच्या दोघींची मुसळंही थांबली.

"आणि जुन्या फोटोंत तो चामड्याचा पोशाख दिसतो," तो पुढे म्हणाला, "तसा काही तुमच्या आईकडे असेल का? लोकांना तो बघायला आवडतो."

"माझी पणजी तो घालायची," हिल्मा म्हणाली. "मी घालत नाही. माझी आई घालत नाही. हे बूट माझे आहेत, मी ह्यांतच कांडते."

इरा खाली बघत होती. मला वाटलं आता संपलं. पण हिल्मानंच फोन काढला आणि आईला लावला. तिथे संध्याकाळ झाली होती. पडद्यावर आधी आकाश दिसलं, मग कुणाचा तरी अंगठा, मग कुकू. बारीक चेहरा, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. डेरेकनं वाकून नमस्कारासारखं काहीतरी केलं.

कुकूनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि हिल्माला काहीतरी विचारलं.

"ती विचारते, हा कोणाचा मुलगा?" हिल्मानं सांगितलं.

डेरेकनं कंपनीचं नाव सांगितलं.

"ते नाही. आई कोण, आजी कोण?"

तो गोंधळला. मग म्हणाला की त्याच्या आजीचं ओहायोत शेत होतं. ती गेल्यावर मामानं धान्याचं कोठार लग्नांसाठी भाड्यानं द्यायला सुरुवात केली. नवरा-नवरी गवताच्या गंजीवर बसून फोटो काढतात. गवत बाहेरून आणावं लागतं. हे सांगताना त्याचा आवाज थोडा बदलला. माझ्या मनात आलं, खरं सांगतोय, की हेही त्यानं ठिकठिकाणी सांगून घोटलेलं आहे? आजही मला ते माहीत नाही.

कुकूनं सगळं ऐकून घेतलं. मग डेरेकनं आपली मागणी मांडली. पाहुणे वर्षभर येतील, भरपूर येतील. रोज संध्याकाळी स्वागताला मरुलाची दारू हवी. आणि घराच्या आतल्या भागात जो पिढ्यान् पिढ्या जपलेला विस्तव असतो, जिथे पाहुण्यांना नेत नाहीत असं पत्रकात लिहिलंय, तिथलं थोडंसं चित्रण.

कुकू हसली. तिचं उत्तर लांबलचक होतं, हिल्मानं ते थोडक्यात सांगितलं. "मरुला पडतं तेव्हा पडतं, ते झाडाला विचार. बाकीचं आम्ही बायका बसून ठरवू."

मरुला हे आपल्या आंबा-काजूच्या, बिब्ब्याच्या नात्यातलं झाड. फळं पिकली की आपोआप खाली पडतात. वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत, तिथल्या पावसाळ्यात, बायका एकत्र बसून गाईच्या शिंगानं ती फळं टोचतात, रस काढतात, मडक्यांत आंबवतात. मग सगळे मिळून पितात. एरवी ती नाही.

परत येताना गाडीत हिल्मा मला म्हणाली, "तू ऑडिटर आहेस. सांग. हो म्हणावं का?"

"नाही," मी म्हटलं. मला विचारच करावा लागला नाही.

"तुला नाही म्हणणं सोपं आहे," ती म्हणाली. "तुझ्या आईचं घर तू नाही म्हटल्यामुळे पडणार नाहीये."

माझ्या आईचं घर केव्हाच विकलं गेलं होतं, आणि विकताना मला कोणी काही विचारलंही नव्हतं. पहिल्यांदाच मला माझ्या संशयाचा संशय आला. तो मला काही जपायला सांगत होता, की फक्त लांब उभं राहायला?

तिकडच्या बायकांनी ठरवायला बरेच आठवडे घेतले. मला वाटत होतं, शेवटी ऐकतील. गरज असली की माणसं ऐकतात. त्यांचं उत्तर आलं ते होकाराचं, पण अटींसकट. झोपायला जेवढ्या चटया, तेवढेच पाहुणे. कोणी कोणाला कपडे बदलायला सांगायचं नाही. फळ त्याच्या दिवसांतच. पाहुण्यानं उखळाशी उभं राहायचं, नुसतं बघायचं नाही. आणि आतल्या विस्तवाचं चित्र नाही, वर्णनही नाही. हिल्मानं मला हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, "आहे काय पण तिथे? कुकू तर दर रविवारी चर्चला जाते ना?"

"जाते," हिल्मा म्हणाली, एवढंच. मीही पुढे विचारलं नाही.

कंपनीचं फार प्रेमळ पत्र आलं. पुढच्या सीझनला नक्की बघू, म्हणून. त्यानंतर त्यांच्याकडून काहीच आलं नाही. इथल्या त्या थंडीत कुकूकडे मोजकेच पाहुणे आले. दोन मुलींपैकी एक विंडहुकला निघून गेली. माझं 'नाही' बरोबर होतं असं सिद्ध झालं असं कोणी म्हणेल. मला तसं वाटलं नाही. एक मुलगी गेली होती.

इरानं ते फ्रीलान्सचं काम सोडलं. मला वाटलं, संपली हौस. तर तिनं रजा घेतली आणि फेब्रुवारीत स्वतःच तिकीट काढून कुकूकडे गेली. मी आई आहे, मला किती आणि कसकसली भीती वाटली ते लिहीत नाही. पोचल्यावर तिचा व्हिडिओ कॉल आला, तर पडद्यावर नुसतं कुंपण. राखाडी खांब, त्यांच्या फटींतून ऊन.

"फोन आत ने ना," मी म्हटलं.

"आई, ह्याच्यापुढे फोन नेऊ देत नाहीत."

"मग तू कुठे झोपतेस? बरोबर कोण आहे? मला दिसू तर दे."

"आय ॲम फाइन. अंगाला सगळा आंबट वास येतोय. सकाळपासून फळं फोडतेय. हात बघ." तिनं हात दाखवले, बोटं चिरलेली, काळपट. मागे बायका हसत होत्या. त्या दिसत नव्हत्या.

जगातली सगळी घरं फोनवर दिसतात आणि माझी मुलगी ज्या घरात आहे तेवढंच दिसत नाही. मी दिवसभर कामात चुका केल्या. आणि तरी, कुठेतरी खोल आत, त्या घराबद्दल मला पहिल्यांदा खात्री वाटली. जे माझ्यासारख्या आईच्या हट्टालाही बधलं नाही, ते डेरेकसाठी रिकामं उखळ फिरवणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, की पूर्वी ह्या मरुलाच्या दिवसांत कोणी हत्यार बाळगायचं नाही असा दंडक होता. भांडणांचे निवाडेसुद्धा हंगाम सरेपर्यंत पुढे ढकलायचे.

"आणि कुणी लपवून आणलं असेल तर?" मी विचारलं.

इरा हसत सुटली. "आई, सेम टू सेम. हे कुकूनं विचारलं असतं."

बायकांनी परवानगी दिली तेवढ्याच जागी चित्रण करून तिनं एक छोटी फिल्म केली. काय ठेवायचं, काय कापायचं ते तिथल्या बायकांनी ठरवलं. त्यांनी इतकं कापलं की इरा वैतागली होती. उरलं ते कुंपण, हात, उखळात पडणारं धान्य, आवाज. ती फिल्म बघून पाहुणे जातात अजून. रिटायर्ड जोडपी, एखादी शिक्षिका, एकदा आमच्या मंडळातले दोघं. थोडे जातात, पण जातात. मागे राहिलेली मुलगी आता दुसऱ्या दोघींना विणायला शिकवते. हे किती वर्षं टिकेल ते मला सांगता येत नाही. विचारलंत तर मी म्हणेन, जपून असा.

आणि यंदा कुकू इथे आली. लेकीकडे, व्हिसा काढून, विमान बदलत. बाजरी निसवलेली तिनं बघितली, एक कणीस दातांखाली धरून बघितलं, आणि हिल्माला म्हणाली की जमीन आळशी आहे. गौरीजेवणाच्या दिवशी मी दोघींना घरी बोलावलं.

गाडीतून उतरल्या आणि कुकू मेलबॉक्सपाशीच थांबली. मी दार उघडून "या, या" म्हणतेय, मिलिंद हात जोडून उभा, तरी ती जागची हलेना. हिल्मा म्हणाली, "तिला आतून आवाज द्यावा लागतो. आणि कुठे बसायचं ते सांगावं लागतं. तोवर ती येणार नाही." मग मी आत गेले, आणि आतून हाक मारली. कुकू सावकाश आली. दाराशी डोअरबेलचा कॅमेरा बघून तिनं विचारलं, हे काय. कोण आलं ते आत दिसतं, असं सांगितल्यावर तिनं समाधानानं मान हलवली.

गौरींपुढे ती बराच वेळ बसली. दोघींच्या साड्या, दागिने, समोरची फराळाची ताटं, पुरणाचे दिवे. इरा सुट्टी घेऊन आली होती, तिनं पुण्याच्या नातेवाइकांसाठी फोन स्टँडवर लावून ठेवला होता. कुकूनं त्या फोनकडे पाहिलं, गौरींकडे पाहिलं, आणि प्रश्न विचारू लागली. हिल्मा मध्ये बसून सांगत होती.

"बघायला कोणी येणार नसेल, तरी ह्यांना बसवतेस?"

"बसवते. एका वर्षी चक्रीवादळ आलं, कोणी आलं नाही. तरी बसवल्या. पुरण थोडं केलं."

"आणि जे कोणालाच दाखवत नाहीस, ते?"

"तसं आमच्यात काही नसतं," मी म्हटलं. "आमच्याकडे सगळं उघडं असतं."

कुकूनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला नवीन नव्हती. 'आमच्याकडे वर्षभरात एकही चूक झाली नाही' असं एखाद्या कारखान्यातले लोक सांगतात, तेव्हा मी त्यांच्याकडे अशीच बघते. वाद न घालता, वही बंद न करता.

ती पोटभर जेवली. पुरणपोळी तिला फार गोड वाटली, कटाची आमटी तिनं दोनदा घेतली. जेवणं झाल्यावर मला मदत करायला म्हणून रिकामी ताटं घेऊन ती स्वयंपाकघरात आली, आणि ठेवायला जागा शोधत तिनं पँट्रीचं दार उघडलं. मी पुढे झाले, पण तोवर उशीर झाला होता. खालच्या फळीवर, तांदळाच्या डब्यामागे, मी सकाळी ठेवलेलं जे होतं ते तिनं बघितलं.

ते काय होतं, ते मी इथे लिहिणार नाही. माझी आई ठेवायची, कोणी नसताना, म्हणून मी ठेवते. मिलिंदला माहीत नाही. इरालाही नाही.

कुकू वाकून बघत राहिली. मग ती सरळ उभी राहिली, माझ्याकडे न बघता दार लोटलं, आणि ताटं ओट्यावर ठेवली.

हिल्मा दारात आली होती. तिनं आईला काहीतरी विचारलं. कुकूनं एका शब्दात उत्तर दिलं आणि हात धुवायला लागली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"मी विचारलं, आत इतकं काय बघत होतीस," हिल्मा म्हणाली. "तर म्हणते, तांदूळ."

डबा तिथे होताच. ती खोटं बोलली असं मला म्हणता येणार नाही.